परोपजीवी कसा कल्पावा



आपल्या खेळाचे नियम मी लक्षपूर्वक वाचले आहेत. एक काल्पनिक भूप्रदेश ठरवावयाचा, त्याचे हवामान ठरवावयाचे, त्यावर दोन-चार साधे जीव सोडावयाचे आणि मग प्रत्येकाने आपल्या पाळीला त्यांपैकी एखाद्या जीवापासून नवा वंशज निर्माण करावयाचा. बदल एका वेळी थोडाच असावा, पूर्वजाशी असलेले नाते स्पष्ट दिसावे आणि इतरांनी घडविलेले जीव हेच आपल्या जीवाचे पर्यावरण मानावे, हे तीन नियम मला विशेष आवडले. गवत झाले, गवत खाणारे झाले, त्यांना खाणारेही झाले. परोपजीवी मात्र जमेना. दोघांनी प्रयत्न केले आणि दोन्ही जीव इतरांच्या आक्षेपामुळे मागे घ्यावे लागले. आजच्या व्याख्यानाचे निमित्त ते आहे.

खेळ म्हणून या उद्योगाकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. १९६०च्या सुमारास गेरोल्फ श्टाइनर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने नाकावर चालणाऱ्या सस्तन प्राण्यांचा एक संपूर्ण गण कल्पून त्याचे वर्णन अगदी शास्त्रीय ग्रंथाच्या थाटात केले. ते वाचून हसू येते, परंतु त्यातील एकही नाक शरीररचनेचे नियम मोडून वाढलेले नाही. कल्पनेला नियमांचे कुंपण घातले की तिला धार येते.

आपले दोन मागे घेतलेले जीव मी पाहिले. पहिल्याला सोळा आकडे, तीन दातेरी तोंडे आणि विषाची पिशवी होती. दुसरा आपल्या आश्रयदात्याच्या मेंदूत शिरून एका दिवसात त्याला ठार करीत असे. दोन्ही चित्रे उत्तम होती. परंतु हे परोपजीवी नव्हेत. चार्ल्स एल्टन या इंग्रज परिस्थितिविज्ञाने १९२७ साली हा भेद सावकारीच्या भाषेत मांडला होता. हिंस्र पशू भांडवलावर जगतो आणि परोपजीवी व्याजावर जगतो, असा त्याचा आशय आहे. भांडवल एका दिवसात बुडविणाऱ्या सावकाराला व्याज मिळणार कोठून?

याहून मोठा दोष मला निराळाच दिसला. दोघांनीही आपला जीव आश्रयदात्याच्या अंगावर बसलेला दाखविला आणि तेथेच वर्णन संपविले. तो तेथे आला कसा आणि त्याची संतती तेथून पुढे जाणार कशी, याविषयी एक अक्षरही नाही. परोपजीवी जीवाचे खरे कौतुक त्याच्या तोंडात नसून त्याच्या प्रवासात आहे. ज्या शरीरात तो राहतो ते शरीर आज ना उद्या मरणार. त्याच्या संततीला दुसरे शरीर गाठावेच लागते आणि दोन शरीरांच्या मधले जग तिच्या दृष्टीने वैराण असते. म्हणून माझी पहिली सूचना अशी की चित्र काढण्यापूर्वी एक वर्तुळ काढावे आणि त्यावर या प्रवासाचे मुक्काम मांडावेत. दात, आकडे, शोषके ही मागाहून आपोआप सुचतात.

उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही. दिल्लीत उन्हाळ्यात कोकिळ ओरडू लागतो आणि जूनच्या आसपास कावळ्यांची घरटी भरतात. कोकिळेची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते. अंडे कावळ्याच्या अंड्याहून लहान असले तरी रंगाने व ठिपक्यांनी बरेचसे तसेच असते आणि कावळ्याच्या अंड्याआधी दोन-तीन दिवस उबते. पिलाला आरंभीच मिळालेला हा अवसर म्हणजे त्याची सारी मिळकत. युरोपातील कोकीळजातीचे पिलू यजमानाची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलते. आपल्या कोकिळेचे पिलू सहसा तसे करीत नाही, कावळ्याच्या पिलांबरोबरच वाढते. पावसाबरोबर येणारा चातक सातभाईच्या घरट्यात अंडे घालतो आणि ते सातभाईच्या अंड्यासारखेच निळेशार असते. हाच चातक आफ्रिकेत काही ठिकाणी बुलबुलांच्या घरट्यांत पांढरे अंडे घालतो, ते यजमानाच्या अंड्याशी मुळीच जुळत नाही आणि तरी त्याचे चालते! यजमानाची नजर जेथे तीक्ष्ण नाही तेथे नक्कल करण्याचे कारण उरत नाही. आपल्या खेळात हे विसरले जाते. प्रत्येक जीवाला प्रत्येक हत्यार देण्याचा मोह होतो. ज्या हत्याराची गरज नाही त्याचा खर्च निसर्ग फार काळ सोशीत नाही.

रिजवरच्या झुडपांवर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे दिसते ती अमरवेल. तिला पाने नाहीत आणि वाढलेल्या वेलीचा जमिनीशी संबंध नाही. काही जुन्या पुस्तकांत अशा जीवांना अधःपतित म्हटलेले आढळते, आणि मराठीत तर बांडगूळ ही शिवीच झाली आहे. बिचाऱ्या बांडगुळाला हिरवी पाने असतात व ते आपले अन्न काही अंशी स्वतः तयार करते, हे शिवी देणाऱ्यास ठाऊक नसते. अमरवेलीने पाने गमावली हे खरे, परंतु तिने काय कमावले? तिच्याच वंशातील एका जातीचा अंकुर जवळच्या टोमॅटोच्या रोपाकडे त्याच्या गंधावरून वळतो, असे २००६ साली प्रयोगाने दाखविण्यात आले. अंकुराजवळ शिदोरी थोड्या दिवसांची असते. तेवढ्यात झाड सापडले नाही तर तो मरतो. प्रवासाचा हा एक टप्पा पार पाडण्यासाठी वनस्पतीने जणू नाक मिळविले.

आता मी नारूकडे वळतो आणि येथे थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण वर्तुळ काढणे म्हणजे काय हे नारूइतके स्वच्छ दुसऱ्या कोणत्याही जीवाने शिकविलेले नाही.

नारूची मादी हा सुमारे हातभर, कधी त्याहून लांब असा दोऱ्यासारखा कृमी आहे. ती माणसाच्या कातडीखाली, बहुधा पायात, येऊन थांबते. तेथे फोड येतो आणि त्याची विलक्षण आग होते. आग शमविण्यासाठी माणूस पाय पाण्यात घालतो आणि त्याच क्षणी फोड फुटून मादी हजारो डिंभ पाण्यात सोडते. सायक्लॉप्स नावाचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा जलजीव ते डिंभ गिळतो. त्याच्या अंगात सुमारे दोन आठवडे वाढल्यावरच ते माणसाला बाधू शकतात. ते पाणी कोणी प्याले की पोटातील आम्लात सायक्लॉप्स मरतो, डिंभ मात्र सुटतात आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. नर-मादीचे मीलन होते, नर मरतो, मादी वाढत राहते. पाणी प्याल्यापासून फोड येईपर्यंत सुमारे एक वर्ष लागते. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात, जेव्हा पाणी थोडे असते आणि सारे गाव त्याच एका डबक्यावर येते, तेव्हा मादी पुन्हा दाराशी उभी. सायक्लॉप्सचा या वर्तुळातील वाटा १८७०च्या सुमारास फेद्चेन्को या रशियन संशोधकाने तुर्कस्तानात शोधून काढला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती आग हा केवळ रोगाचा त्रास नव्हे. ती माणसाला पाण्याकडे नेते. आश्रयदात्याच्या वेदनेला परोपजीवीच्या प्रवासात नेमके स्थान मिळाले आहे.

मेहरौलीची राजों की बावली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पाण्यापर्यंत उतरत जाणाऱ्या त्या पायऱ्यांची रचना सुंदर आहे. नारूच्या दृष्टीने मात्र पायऱ्यांची कोणतीही विहीर म्हणजे राजमार्गच, कारण तेथे माणसाचा पाय आणि माणसाचे पिण्याचे पाणी एकत्र येतात. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडू या राज्यांत नारू होता. त्यावर लस नव्हती आणि आजही नाही. कृमी मारणारे खात्रीचे औषधही नव्हते. तरीही १९८३-८४ साली देशव्यापी निर्मूलन कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्याची सूत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे होती. पाणी फडक्याने गाळावे, फोड आलेल्याने पाण्यात उतरू नये, पायऱ्यांच्या विहिरी बांधून काढून त्यांवर रहाट किंवा पंप बसवावेत, पाण्यात सायक्लॉप्सनाशक टाकावे, असे ते उपाय. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. हजारो वर्षांचा सोबती एका फडक्यामुळे गेला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. त्याच्या वर्तुळात एकच उतार होता आणि तो अरुंद होता.

परंतु गोष्ट एवढ्यावर संपत नाही. आफ्रिकेतील चाड देशात सुमारे दहा वर्षे एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता. २०१० साली पुन्हा रुग्ण आढळले आणि २०१२ पासून तेथील कुत्र्यांत नारू सापडू लागला. २०२३ साली साऱ्या जगात नारूचे केवळ चौदा रुग्ण होते, परंतु बाधित प्राण्यांची, विशेषतः कुत्र्यांची, संख्या शेकड्यांत होती. माणसाचा मार्ग बंद झाला आणि वर्तुळ दुसऱ्या मार्गाने पूर्ण होऊ लागले. आपल्या खेळात पूर्वजाशी नाते ठेवून एका वेळी थोडा बदल करावयाचा असतो. तसा बदल असाच असतो.

ज्या संस्थेचा मी आताच उल्लेख केला तिचा इतिहासही याच विषयाचा आहे. कसौलीची हिवताप संस्था १९३८ साली दिल्लीला आली, १९६३ साली तिचे रूपांतर राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेत झाले आणि २००९ पासून ती राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र म्हणून ओळखली जाते. शामनाथ मार्गावरून जाताना ती इमारत दिसते. हिवतापाच्या परोपजीवीला डासाच्या अंगात पक्व होण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात आणि बहुतेक डास तेवढे दिवस जगतच नाहीत. इतक्या घट्ट हिशेबावर त्याचा प्रपंच चालतो. रक्त प्याल्यावर डास भिंतीवर टेकतो, म्हणून भिंतीवर डीडीटी फवारले. १९४७च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे व आठ लाख दगावत, असा अंदाज आहे. १९६५पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास उतरली. विजय झाला असे वाटले, देखरेख शिथिल झाली. डास डीडीटीला दाद देईनासे झाले, १९७३ साली आसामात क्लोरोक्विनला न जुमानणारा परोपजीवी आढळला आणि १९७६ साली रुग्णांची नोंद चौसष्ट लाखांवर गेली. हे आकडे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. खेळणाऱ्यांपैकी कोणी आपल्या जीवाला परोपजीवीविरुद्ध एखादे संरक्षण दिले की पुढच्या पाळीला त्या संरक्षणाचा विचार न करता परोपजीवी तसाच ठेवला जातो, असे मी आपल्या नोंदींत पाहिले. तो तसाच राहत नाही.

आता घातकतेचा प्रश्न. नवशिक्याचा परोपजीवी बहुधा अतिघातक असतो आणि त्यावर टीका झाली की तो अगदीच निरुपद्रवी होतो. दोन्ही चूक. ऑस्ट्रेलियात सशांचा उपद्रव कमी करण्यासाठी १९५० साली मिक्सोमा विषाणू सोडण्यात आला. आरंभी शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक बाधित ससे मरत. फ्रँक फेनर व त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे पाहिले की थोड्याच वर्षांत कमी घातक वाण सर्वत्र पसरले आहेत. कारण उघड आहे. विषाणू डासांमार्फत पसरत होता. ससा लवकर मेला तर डासाला चावण्यास वेळ मिळत नाही, ससा लवकर बरा झाला तरीही मिळत नाही. मधला वाण जिंकला. तोही काही सौम्य नव्हता, त्याने पुष्कळ ससे मारलेच. सशांतही हळूहळू प्रतिकारशक्ती वाढली. म्हणून “चांगला परोपजीवी यजमानाला सांभाळतो” हे वाक्य आपण विसरावे. तो कोणाला सांभाळीत नाही. किती घ्यावे हे त्याचा प्रवास ठरवितो.

आता प्रत्यक्ष काम करू. आपल्या प्रदेशात वर्षातून दोन महिने पाऊस पडतो, मग तळी आटत जातात. तेथे शेळीएवढा, पाठीवर ढालीसारखे कवच असलेला एक चरणारा प्राणी आपण केला आहे, त्याला ढाल्या म्हणू. तळ्यात गाळकी नावाचा एक इवलासा जीव आहे. पाणी आटले की ती चिखलात निजते आणि पावसाने जागी होते. या दोघांना धरून एक कृमी कल्पू या आणि त्याला ढालसूत हे नाव देऊ. त्याचा पूर्वज गाळकीच्या अंगात राहणारा, आपल्या यादीतील तिसऱ्या क्रमांकाचा साधा सूत्रकृमी आहे. त्यामुळे नाते जोडण्याची अडचण नाही.

ढाल्याची ढाल आणि कातडी यांच्या मध्ये ओलसर फट आहे, तेथे जीभ किंवा नख पोहोचत नाही. मादीने तेथे राहावे. बाहेर पडावे केव्हा? उन्हाळ्यात ढाल्याच्या अंगातील पाणी कमी होते, रक्त दाट होते. ती खूण पुरे. मादी आपले शेपूट ढालीच्या काठाबाहेर काढते आणि त्याला गार पाणी लागताच डिंभ सोडते. डिंभांजवळ पाच दिवसांची शिदोरी असते, तेवढ्यात त्यांना गाळकीने गिळले पाहिजे. पुढे गाळकीबरोबर तेही चिखलात निजतात. पाऊस येतो, पाणवनस्पती उगवतात, ढाल्या त्या मुळांसकट उपटून खातो आणि मुळांना चिकटलेली गाळकी पोटात जाते. येथे बरेच जण थांबतात. पोटातून पाठीपर्यंत कोण नेणार? डिंभाने आतड्याची भिंत भेदावी, स्नायूंतून वर जावे आणि या प्रवासात त्याचे काही महिने जावेत. त्यांतील बहुतेक वाटेत मरतील. मरू द्यावेत. म्हणूनच मादीला हजारो डिंभ सोडावे लागतात.

आपण म्हणाल की ही नारूचीच नक्कल झाली. येथवर तसे आहे खरे. फरक आता येतो. सलग दोन वर्षे पाऊस पडला नाही तर काय होईल? गाळकी दोन वर्षे झोपेल, डिंभालाही झोपावे लागेल आणि तिची चरबी दोघांना पुरणार नाही. ज्या माद्यांनी सगळे डिंभ एकाच उन्हाळ्यात सोडले त्यांचा वंश अशा दुष्काळात बुडेल. समजा काही माद्या निम्मे डिंभ राखून दुसऱ्या उन्हाळ्याची वाट पाहतात. ढाल्या मध्येच मेला तर त्यांचे नुकसान होईल, पण दुष्काळानंतर त्यांचीच संतती उरेल. दुष्काळ वारंवार पडत असतील तर दुसरा प्रकार वाढेल, क्वचित पडत असतील तर पहिला. म्हणजे आपण हवामानाच्या नोंदीत जो आकडा लिहिला आहे, त्याच्याशी या कृमीच्या स्वभावाची गाठ पडली.

आणखी एक अडचण आहे. एका ढालीखाली दहा कृमी झाले तर ढाल सैल होईल आणि पहिलाच हिंस्र पशू ढाल्याला उलटा करील. कोणी सुचवील की जातीच्या हितासाठी कृमींनी आपली संख्या मर्यादित ठेवावी. जातीच्या हितासाठी निसर्गनिवड काही करीत नाही. आधी येऊन बसलेल्या मादीने एखादा स्राव सोडून नव्या डिंभांना अटकाव केला तर मात्र चालेल, कारण त्यात तिचा स्वतःचा लाभ आहे. मागून येणाऱ्यांनी तो अटकाव चुकविण्याची युक्ती काढली तर तीही चालेल.

या वर्तुळाचा अरुंद उतार कोठे आहे, ते आता आपणच शोधावे. मला तो पाण्याच्या काठावर दिसतो. ढाल्या काठावरून मान लांबवून पाणी प्याला आणि आत उतरला नाही, तर काठाबाहेर आलेले शेपूट उन्हात वाळून जाईल. परंतु तळी आटल्यावर पाणी मधोमध उरते आणि भोवती चिखल असतो. तेव्हा लांब मान किंवा रुंद खूर, यांपैकी काही तरी त्याला लागेल. लांब मानेमुळे ढालीबाहेरचा मऊ भाग वाढतो आणि हिंस्र पशूचे फावते. हा सौदा परवडतो की नाही, हे आपल्या हिंस्र पशूंची संख्या किती आहे यावर ठरेल.

एक सूचना शिष्टाचाराची. परोपजीवी करणारा खेळाडू नेहमीच दुसऱ्याच्या अंगणात पाहुणा असतो. ढाल्या ज्याने घडविला त्याला वर्तुळाचा कागद आधी दाखवावा. त्याला आक्षेप घेण्याचा अधिकार असावा, मात्र आक्षेप मुक्कामाचे नाव घेऊन असावा: अमुक टप्पा अमुक कारणाने घडणार नाही. “माझ्या प्राण्याला रोग नको” हा आक्षेप नव्हे. ढालसूताची नोंद करताना प्रत्येक मुक्कामापुढे तेथे किती मरतात, याचा ढोबळ आकडा लिहावा. हजार डिंभांतून पाठीपर्यंत एक पोहोचतो की दहा, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. तो आकडा मी मुद्दाम सांगितलेला नाही. पुढची पाळी ज्याची असेल त्याने ढाल्याच्या मानेचा प्रश्न घ्यावा आणि गाळकीचे काय होते तेही पाहावे, कारण या सर्व व्यवहारात सर्वाधिक नुकसान तिचे होत आहे आणि तिच्या बाजूने अजून कोणीच बोललेले नाही.